जस्ताच्या वड्या आणि वाईचे पाहुणे

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. त्या दिवसाचा मात्र लगेच ऐकू येतो. मी सांगलीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगचं पुढचं शिकत होते आणि सुट्टीला साताऱ्याजवळ आपल्या घरी आले होते. वाईचे पाहुणे त्यांच्या मुलासाठी मला पसंत करून गेले होते, दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायला येणार होते. अशात आमच्या सरांची तार आली: पुण्यातला कॉम्प्युटर उद्या दुपारी मिळतोय, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही.

"त्या मशिनीत घालायचं काय?" चुलीपाशी बसून तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, समुद्राच्या पाण्यात जहाजाचं पोलाद गंजतं. बुडाला जस्ताच्या वड्या लावल्या की जस्त झिजतं, पोलाद वाचतं. वड्या कुठे आणि किती लावायच्या, हे आधी आकड्यांनी काढायचं. बुडाचे कागदावर चौकोन पाडायचे, प्रत्येकाचा विद्युतदाब शेजारच्या चौकोनांवरून काढायचा, आकडे बदलायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. हाताने करायचं तर जन्म जाईल. पलटणीत आयुष्य काढलेले तुम्ही, समुद्राशी तुमचा संबंध नव्हता.

"आन् चुकलं तर?"

"दाब कमी पडेल तिथला पत्रा गंजून जाईल."

तुम्ही आईकडे पाहिलंत. "पावन्यांस्नी निरोप धाडतो. फुडल्या आठवड्यात या म्हणावं."

"आवं, त्ये परत यायचे न्हाईत," आई म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे," तुम्ही म्हणालात.

एसटीत पंचकार्डांची, म्हणजे मशीनसाठी आकडे भोकं पाडून लिहिलेल्या पुठ्ठ्यांची, पेटी तुमच्या मांडीवर आहे. कार्डांचा क्रम बिघडला तर सगळं वाया, असं मी सांगितल्यामुळे खंबाटकीच्या वळणांवर तुम्ही तिच्यावर दोन्ही हात ठेवता. पुण्यात मशीन एका चुकलेल्या कार्डावर अडलं. ते शोधून नव्याने पाडेपर्यंत माझी वेळ संपत आली होती. शेवटी छापील कागद बाहेर आला. जहाजाच्या मागच्या बाजूला, पाण्यातल्या पंख्यापाशी, दाब कमी पडत होता; तिथे वड्या वाढवायला हव्या होत्या. तुम्ही बाहेर पायरीवर बसला होतात. "झालं?" "झालं." "मग चल, भूक लागलीया."

पाहुण्यांनी दुसरीकडे जमवलं. मला त्याच कामावर मुंबईच्या गोदीत नोकरी लागली. निघताना साताऱ्याच्या स्टँडवर तुम्ही विचारलंत, "त्या पोराचं वाईट वाटलं का गं?" मी नाही म्हणाले, आणि तुम्ही सुटल्यासारखी मान हलवलीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. वाटलं होतं, आबा. बरेच दिवस.