ताप असू द्यावा

मी, नगरपालिकेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली कीटकतज्ज्ञ, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. मी शुद्धीवर आहे की नाही, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. त्याचा निकाल शेवटच्या पानावर लागेल किंवा लागणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, गॅलरी आणि गॅलरीतली सिमेंटची टाकी, माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला, मिळावे. बँकेतली शिल्लकही तिचीच. टाकीत गप्पी मासे आहेत, ते डासांच्या अळ्या खातात. भाचीला तिथे कमळे लावायची हौस आहे. खुशाल लावावीत, पण मासे काढू नयेत.

कलम २. पितळी फवारणी पंप आमच्या खात्यातल्या पंपवाल्याला द्यावा. तो त्याने इतकी वर्षे पाठीवर वाहिला की त्याच्यावर माझ्यापेक्षा त्याचाच हक्क जास्त. आम्ही दोघांनी सबंध शहर फवारले. सुरुवातीला डास पटापट मेले आणि माझा सत्कार झाला. पुढे तेच औषध डासांना आंघोळीच्या पाण्यासारखे वाटू लागले. औषधाने नाजूक डास मारले, चिवट तेवढे उरले, आणि पुढची पिल्ले चिवटांचीच निपजली. मग मी प्रत्येक वेळी एक गल्ली न फवारता सोडायचे ठरवले. तिथले नाजूक डास टिकावेत, त्यांची चिवटांशी सरमिसळ व्हावी आणि औषधाची धार राहावी, एवढाच हेतू. पहिली गल्ली स्वतःचीच निवडली आणि घरोघरी मच्छरदाण्या वाटल्या. तरी खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला जिन्यात गाठले.

"तुम्ही डास पाळता म्हणे?"

"थोडेच," मी म्हणाले.

पुढे बरेच दिवस त्यांनी अबोला धरला. त्या या मृत्युपत्राच्या एक साक्षीदार आहेत, तेव्हा तो हिशेब मिटला असे समजावे.

कलम ३. हे कलम वाटपाचे नाही, पण पुढचे समजायला लागेल. घरातले माझे नाव ताप. ते दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, ठेवले, कारण मी प्रश्न विचारून त्याच्या डोक्याला ताप द्यायचे. तो डॉक्टर झाला आणि मी डासांकडे गेले. ताप हा बहुधा रोग नसतो, जंतूंना जड जावे म्हणून शरीर स्वतःच तापते, हे शिकले त्या दिवशी मी धावत त्याच्या दवाखान्यात गेले. "दादा, ताप म्हणजे पहारेकरी. उठसूट उतरवू नये." तो चष्मा पुसत म्हणाला, "म्हणजे तुला जन्मभर सोसायचं, असंच ना?" तो हसला की खुर्ची करकरायची.

कलम ४. माझ्या पोटातली गाठ कोणालाही वाटून देता येत नाही. ती सापडली तेव्हाच पसरलेली होती. समूळ जाणार नाही, यावर सगळ्यांचे एकमत होते. मी त्या डॉक्टरीणबाई निवडल्या ज्या गाठ आटोक्यात आली की औषध थांबवतात आणि वाढू लागली की पुन्हा देतात. नाजूक पेशी शिल्लक ठेवायच्या, म्हणजे त्या चिवटांना फोफावू देत नाहीत. दादा चहा पुढ्यात असताना उठला.

"साप अर्धा मारून कोणी झोपतं का?"

"सगळ्या नाजूक मारल्या तर मागे चिवट राहतील, दादा. मग त्यांना कुठलं औषध देणार?"

"ही गाठ आहे. तुझी गल्ली नाही."

"नियम तोच आहे."

"तुझं डोकं ठिकाणावर नाही," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्यानंतर तो आला नाही.

उपचार लागू पडले. कोणी धरली नव्हती तेवढी वर्षे हाती आली. आता मात्र औषध हरले आहे, आणि मला वाईट वाटते ते त्याचे नाही. मिळालेली वर्षे मी गॅलरीत मासे बघत काढली. मी बरोबर होते हे सांगायची फार हौस होती, पण ज्याला सांगायचे तोच समोर नव्हता. पुढे ती हौसही गेली आणि नुसती त्याची आठवण येत राहिली. फोन उचलायचे आणि ठेवायचे. भाची म्हणते, "आत्या, बाबाही तेच करतात." आमच्या घराण्यातला हट्ट फार चिवट, त्यावर औषध निघालेले नाही.

कलम ५. थोरल्या भावाला मी काहीही ठेवत नाही. वाचणाऱ्याने याचा भलता अर्थ काढू नये. वकिलांनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, आणि शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरचा असावा. कोणताही डॉक्टर चालेल, असे ते म्हणाले. मला चालणार नाही. त्याला इथे येऊन सही करता यावी, म्हणून त्याचे नाव वाटपातून वगळले आहे. वडिलांचे मनगटी घड्याळ त्याला द्यायचे मनात होते. तेही भाचीला देते. तिने ते कधीतरी त्याच्या उशाशी विसरावे.

कलम ६. माझ्या मागे कोणी तंटा करू नये. भांडणे मी पुरेशी करून ठेवली आहेत.

स्थळ: राहते घर, गॅलरीलगतची खोली
दिनांक: बारा नोव्हेंबर
(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिली, निवृत्त मुख्याध्यापिका, खालचा मजला: माझ्या समक्ष सही झाली. शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारून घेतल्या. (सही)

साक्षीदार दुसरा, डॉक्टर, नाते थोरला भाऊ: रुग्ण उशिरा आला, असे आम्ही नेहमी लिहितो. या वेळी डॉक्टर उशिरा आला. नाडी मंद, वाचा स्पष्ट, शुद्ध पूर्ण. डोके ठिकाणावर आहे, पूर्वीही होते. ताप: आहे. उतरवू नये. (सही) दादा