जोर कुठे द्यायचा

बाई, सिंधी निर्वासितांच्या कॅम्प पाचमधल्या तुमच्या बराकीत स्वयंपाकघर म्हणजे पडद्याआडचा एक कोपरा, आणि माझी इंग्रजीची शिकवणी तिथेच चालायची. मी बदलापूरहून, कात्रपातून यायचे. तुमची भावजय पापडाचं पीठ कुटायची. तुम्ही त्याची लांब वळी करून दोऱ्याने लाट्या कापायच्या आणि त्या लाट्यांवरच मला शब्द तोडून दाखवायच्या. गुड, ने, चर्ड. तीन लाट्या पाटावर. मग मधलीवर अंगठा दाबायचा, जोर इथे. मी आपली तिघींनाही सारखंच बडवायचे. "सब को मत पीट, बेटा," तुम्ही म्हणायच्या, "एक को पीट, बाकी को जाने दे." असली जोडविशेषणं तुमच्या फार आवडीची. गुड-नेचर्ड, ओल्ड-फॅशन्ड. स्वतः मात्र गुड-नेचर्ड अजिबात नव्हतात. चुकलं की तळहातावर फटकन बोट बसायचं.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समोर बोलत राहा, वाचा आली तर अशीच येईल. भावजय सिंधीत बोलबोलून थकली. "अब तू बोल," ती मला म्हणाली, "इसको तेरे पे चिल्लाने की आदत है." मी रोज खाटेशी बसते, लाट्या कापते, एकेक शब्द म्हणते. तुम्ही छताकडे बघत असता. मला रडू येत नाही, आशाही वाटत नाही. नुसतं कापायचं आणि म्हणायचं. एका दुपारी मी ॲब्सेंट-माइंडेड म्हणते आणि सगळा जोर पहिल्याच तुकड्यावर देते. तुमचा चांगला हात चादरीवरून सरकत येतो आणि माझ्या तळहातावर बोट बसतं. हळूच, पण बसतं. भावजय लाटणं टाकून धावते. तुमचे ओठ हलतात, आवाज काही येत नाही.

वाचा आलीच नाही. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. भावजय शेजारच्या बराकींत सांगत फिरली, लडकी होशियार है, जानबूझके गलत बोली. सगळ्यांनी कौतुक केलं, मी मान डोलावली. पुढे मी इंग्रजीच शिकवलं, निवृत्तही झाले. तुमच्यासाठी अजून रडलेले नाही, आता रडेन असंही वाटत नाही. हे पत्र टाकायला पत्ताही नाही, तुमच्या बराकीच्या जागी केव्हाच इमारत झाली.

बाई, मी मुद्दाम चुकले नव्हते. मला तो शब्द खरंच येत नव्हता.