पाटीखालचा फोटो

सां-आपोलीन, सस्कॅचेवान
११ फेब्रुवारी

प्रिय थिओफिल,

तुम्ही सगळे बरे असाल. हेदरला आणि मुलांना माझी आठवण सांग. इकडे थंडीने कहर केलाय. रात्रभर इंजिन विजेवर गरम ठेवलं नाही, तर सकाळी गाडी हूं की चूं करत नाही. चर्चच्या हॉलमधलं जेवण पार पडलं. वाटाण्याचं सूप मीच केलं होतं. आपल्या फ्रेंच मंडळींच्या पंगतीत सर्वांत तरुण मी होते, यावरून काय ते समज.

तुझ्या ऑफिसातल्या मुलीचा ओटावाहून फोन आला होता. फार गोड बोलली, दोन्ही भाषांत. तुमच्या भाषा खात्याच्या पुस्तिकेवर आईचा फोटो छापायचाय म्हणे. वृद्धाश्रमाच्या नव्या पाटीखाली चाकाच्या खुर्चीत आई, आणि शेजारी फीत कापणारा तू. घरच्यांची हरकत नाही ना, असं तिने विचारलं. मी म्हटलं, भावाला कळवते.

तर कळवते. माझी हरकत आहे.

पत्र बाजूला टाकू नकोस, पुढे वाच. पाट्या सुरेख झाल्यात. प्रत्येक दारावर इंग्रजी आणि खाली आपली फ्रेंच. नर्सांच्या छातीवर नमस्काराचे 'बोंजूर' बिल्लेही आलेत. पण बोंजूरच्या पुढे बोलणारं माणूस काही तुमच्या अनुदानातून आलं नाही. मी संचालिकाबाईंना म्हटलं, "एक तरी फ्रेंच येणारी बाई ठेवा हो."

"पैसे पाट्यांसाठी मंजूर झालेत," त्या म्हणाल्या. "पगार दुसऱ्या योजनेत बसतो."

दुसऱ्या योजनेवाले म्हणाले, इथे फ्रेंचची गरज असलेली माणसं पुरेशी नाहीत. मी म्हटलं, "आमची आई?" तर म्हणे, कागदोपत्री त्यांना दोन्ही भाषा येतात.

येत होत्या रे. पोस्टाच्या खिडकीत तिने जन्म काढला तो इंग्रजीतच. पण पानगळ सुरू झाली तेव्हापासून तिची इंग्रजी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणतात, या विस्मरणाच्या आजारात मागाहून शिकलेलं आधी जातं.

आई पडली आणि ऑपरेशन झालं, एवढंच मी तुला फोनवर सांगितलं होतं. ते तेवढंच नव्हतं. वादळाने रस्ता बंद होता, मला जाता आलं नाही. ती पहाटे खोलीत पडली. तिथल्यांनी उचलून पलंगावर ठेवलं आणि कुठे लागलं का म्हणून विचारलं, इंग्रजीत. ती जे बोलली ते कुणाला कळलं नाही. वादळामुळे माणसंही कमी होती. रस्ता उघडल्यावर मी गेले, तर मारिसेल, ती फिलिपिनो नर्स, दारातच हसून म्हणाली, "ताई, दोन दिवस आजी नुसत्या बोलतायत. किती गोड भाषा हो तुमची, गाणं म्हटल्यासारखी."

मी आत गेले. आई भिंतीकडे तोंड करून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "कंबर मोडली गं माझी. कुणीतरी या गं." आवाज बसला होता.

दोन दिवस, थिओ. खुब्याचं हाड मोडलेलं होतं, आणि बाई बोलतेय म्हणून सगळे खूश.

मारिसेल माझ्यासमोर रडली. "माझी आईसुद्धा उद्या आमच्याच भाषेत विव्हळेल," म्हणाली. तिच्यावर काय ओरडू? दोन-दोन पाळ्या करते ती पोर. आता माझ्याकडून शब्द शिकतेय. दुखतं, थंडी वाजते, पाणी. त्यासाठी तिला कुठल्या योजनेतून दमडी मिळत नाही. म्हणून त्या पाटीखाली आईला मी छापू देणार नाही. तुझा एकट्याचा छापा.

आता खरं सांगायचं ते. इतका वेळ टाळत होते.

हेदर घरात आली तेव्हा आईनेच तिच्यासमोर इंग्रजी सुरू केली, सून अवघडू नये म्हणून. तेव्हा ते बरोबरच होतं. पण तू अजून आईशी तसंच बोलतोस. गेल्या रविवारी ती तुझा फोन कानाला लावून बसली, मान डोलावली, "हो साहेब, उपकार झाले," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. "आई मला साहेब का म्हणते?" तू विचारलंस. मी म्हटलं, थट्टा करतेय.

ती थट्टा करत नव्हती. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "दर रविवारी कुणी सरकारी माणूस फोन करतो. भला आहे बिचारा. त्याला विचार ना, आमचा थिओ तिकडेच असतो, कधी भेटतो का."

"विचारते," मी म्हणाले. मग बाहेर जाऊन गाडीत बसून राहिले.

येत्या रविवारी आपल्या भाषेत बोल. शब्द अडले तर अडू देत, चुकले तर चुकू देत. हेदरला मी समजावीन. नुसतं "आई, मी आहे" म्हटलंस तरी चालेल. मात्र लवकर. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याचं बोलणंच टाळलं.

तुझ्यावर मनापासून चिडलेली, आणि तिच्यानंतर या भाषेत तुला हाक मारणारी एकटीच उरणारी,

तुझी ताई
फ्लोरियान