नावेची मागची फळी

दि. २ एप्रिल १९९०

प्रिय आधार,

आधी बातमी सांगतो. आपली अ‍ॅल्युमिनियमची नाव दुरुस्त झाली. 'आपली' असं लिहिलं खरं, पण नाव झिपरूआबांची आहे, आणि तू त्यांचा मुलगा. तू उकाईला गेल्यापासून तीन वर्षं मी तिच्यात पुढे बसून जाळं सोडतो. मागे बसून वल्हं आबा धरतात. आता त्यांचे खांदे दुखतात, आणि मागची जागा कोणाला द्यायची हे त्यांना लवकरच ठरवायचं होतं. ती मला मिळावी असं मला वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, मी त्यासाठी जळत होतो. आज काही लपवायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

तुला आठवत असेल, लिलावात ती सरकारी नाव घेतली तेव्हाच तिची मागची लाकडी फळी काळी पडली होती. दिवाळीनंतर मी वरचा पत्रा सोडवला. रंग शाबूत होता, पण आत बोट घातलं तर बोट शिरलं. ओल्या चहाच्या चोथ्यासारखं लाकूड हातात आलं. मी ते सगळं चमच्याने खरवडून काढलं आणि वर्तमानपत्रावर फळीचा आकार कापून घेतला. दोनदा मोजला. मग आबांना दाखवायला गेलो. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “दोन इंची जाड कर रे भो. आधारना इंजिननं वजन शे ते.”

तुझं इंजिन! तू एकदाच लिहिलं होतंस की तिथल्या ठेकेदाराकडून जुनं इंजिन मिळेल. ते मिळालं नाही, पण घरात ते कधीच येऊन बसलं आहे. इंजिनाशिवाय ही नाव म्हणजे गुरांची गव्हाण, असं बोलून तू निघालास. पुन्हा तोंड दाखवू नको, असं आबा ओरडले. मी ओट्यावर उभा होतो, मीच साक्षीदार. आणि तेच आबा आता तुझ्या इंजिनासाठी माझ्याकडून जाड फळी करून घेत होते. मी रंधा मारायचा, आणि वजन तुझं.

पहिली फळी माझ्या हातून बिघडली. ती कुजू नये म्हणून मी फैजपूरच्या एका केळीवाल्याचं ऐकलं. ते लोक झाडांवर मोरचूद फवारतात, त्याने बुरशी मरते. मी फळी आठ दिवस मोरचुदाच्या पाण्यात बुडवून ठेवली, वाळवली आणि बसवली. निळसर, सुंदर दिसत होती. तीन आठवड्यांत तिच्या कडेने पत्रा पांढरा पडला, त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे आले. मोरचुदातलं तांबं अ‍ॅल्युमिनियम खातं, हे मला नंतर जळगावला कळलं. कुजण्याला घाबरून मी धड पत्रा खायला घातला होता. आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “आधार राहता ते आसं व्हतं नही.” तुला तर मोरचूद म्हणजे काय हेही माहीत नसेल, आधार. त्या दिवशी मी जेवलो नाही.

जळगावला बसच्या बॉड्या बांधतात तिथे चार दिवस राहून मी पत्र्याला ठिगळ मारायला आणि रिबिट ठोकायला शिकलो. दोंडाईच्याला हस्तीमलशेठच्या वखारीतून सागाची नवी फळी आणली. तिला गरम अळशीच्या तेलाचे सहा हात दिले. तुझी आई, ताईबाई काकू, रोज हसायच्या, नवरीच्या हळदीवरून चिडवायच्या. “हाई फळी शे का नवरी? किती हयद लावस तिले?” मग फळी आणि पत्रा यांच्यामध्ये ट्रकच्या ट्यूबचं रबर घातलं, म्हणजे मध्ये पाणी साचून राहणार नाही.

रिबिट ठोकायला दोन माणसं लागतात. एकाने आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची. आत आबा बसले. घाव चुकला तर त्यांचीच बोटं, म्हणून मी हातोडी नुसती हळूच टेकवत होतो. आतून आवाज यायचा, “हाण ना भो! बोटं मना शेत, तू कसाले डरस?” तीन दिवस आम्ही असं काम केलं, पत्र्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते. तेवढे तीन दिवस त्यांनी तुझं नाव काढलं नाही. मला किती आनंद झाला हे लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

परवा काम संपलं. आबांनी फळीवरून हात फिरवला, दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. ती हलली नाही. मग खाली बसून म्हणाले, “तीन वरीस व्हयनात. मी बलाई बलाई थकनू, तो येत नही. त्यानं मन दगड व्हयी गयं. पुना, नाव आते तुनी. आखाजीले पाणीमां टाकू, तू मांगे बस.” जे मला हवं होतं ते त्यांनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून स्वतःच्या तोंडाने दिलं, आणि माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

कारण तू दगड नाहीस, हे फक्त मला माहीत आहे. आबांना लिहितावाचता येत नाही, तुमच्या दोघांची पत्रं माझ्याच हातून गेली. तू प्रत्येक पत्रात शेवटी विचारतोस, आबांचा राग गेला का, गेला असेल तर दुसऱ्या दिवशी निघतो. ती ओळ मी त्यांना कधी वाचून दाखवली नाही. आणि तेही प्रत्येक पत्रात शेवटी एक वाक्य सांगत आले, ते मी कधी लिहिलं नाही. पाऊस, मासे, काकूंचं गुडघेदुखणं, सगळं व्यवस्थित लिहिलं, तेवढं सोडून. हे पत्र टाकून आलो की मी आबांना सांगणार आहे. आधी सांगितलं तर टाकायचं धैर्य राहणार नाही. ते मला नावेत बसू देतील की नाही, माहीत नाही. तुझ्याबद्दलची माझी जळजळ गेलेली नाही, तसं खोटं लिहीत नाही. पण ते वाक्य तुझं आहे, ते तुला देतो. जसं ते सांगायचे तसंच:

“इंजिन नही भेटनं ते ऱ्हाऊ दे. तू ये.”

तू म्हणू देशील तर तुझाच,
पुना