अब्बांचा बोटीवरचा गुलाश

हुफूफ, सौदी अरेबिया, १२ रमजान

शरफुन्निसा आपांना धाकट्या भावजयीचा अदबीने सलाम.

अल्लाहच्या करमाने तुमचे भाऊ आज दुपारी पोटभर जेवले. केमो सुरू झाल्यापासून दोन घासांतच ताट सारायचे. अब्बा बोटीवरून शिकून आले होते, तो मटणाचा गुलाश आज यांनी मागितला. तुम्ही त्यात बटाटा घालता, मी मटण पुरवायला डाळ घालते. आज मात्र अम्मींसारखं नारळाचं वाटण घातलं.

“अगदी अम्मीच्या हातचा!” म्हणाले आणि वाटी पुसून खाल्ली.

माझा रोजा होता, त्यामुळे चाखलं नव्हतं. इफ्तारला तोंडात घातला, तर मीठच नव्हतं.

आपा, त्यांची चव गेली, की माझं मन राखलं? विचारायची हिंमत नाही.

अम्मींचे गुडघे कसे आहेत? त्यांना एवढंच सांगा, ते जेवले.

नमाजनंतर हात उचलते, पण काय मागावं सुचत नाही. तुम्हीच मागा.

तुमची,
आलिमा