चिमणी खोलीतच आहे

५ फेब्रुवारी
पोचले एकदाची! क्लबमध्ये लाइट सांभाळायचं काम मला मिळालंय, यावर अजून विश्वास बसत नाही. आजवर हौशी नाटकांत दोन पिवळे दिवे चालू-बंद केले. आता नाचणाऱ्यांच्या डोक्यावरचं अख्खं आभाळ माझ्या बोटांवर फिरणार. राहायचीही सोय झाली. बारमागे काम करणारी एक मुलगी खोलीत जोडीदारीण शोधत होती. तिच्या तोंडाला क्षणभर विसावा नसतो, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. खोली लाँड्रीच्या वर, त्यामुळे फरशी सदैव कोमट. ताईला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, ते राहू दे, जेवणाचं काय ते आधी सांग.

१४ फेब्रुवारी
शनिवारी क्लबमध्ये चिमणीने नशेची गोळी दिली. मी आढेवेढे घेतले, मग तिने अर्धी तोडून स्वतः आधी खाल्ली. गाणं कानांतून नाही, कातडीतून आत आलं. एका अनोळखी बाईने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी उगाचच रडलो. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जबडा ठणकत होता. काल मात्र दात घासता घासता एकदम सगळं व्यर्थ वाटलं. चिमणी म्हणाली, होतं असं, शनिवार आला की जातं.

२७ फेब्रुवारी
ताई नर्स आहे. तिच्यापासून किती लपवणार? ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली की गोळीत काय असतं हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि काही झालं तर लाज न धरता फोन कर. मी विषय बदलला. अर्धीने आता काही होत नाही.

९ मार्च
चिमणी नाचता नाचता कोसळली. अंग भाजेल इतकं तापलेलं, दात घट्ट मिटलेले. मॅनेजर म्हणाला, हवेवर न्या, गवगवा नको. मी ऐकलं नाही, अँब्युलन्स बोलावली. तिने माझं मनगट धरलं होतं. सोडवायला दोघे लागले.

१५ मार्च
चिमणी परत आली. पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसते. एक अक्षर बोलत नाही. पुढ्यात सूप ठेवलं, तसंच गार झालं. काम सुटलं नाही अजून, पण गोळी घेतल्याशिवाय मला अंथरुणातून उठवत नाही.

२१ मार्च
झोप नाही. तीही झोपत नाही. छाती सारखी धडधडते. आज ती पुटपुटत होती — जवळ गेले की थांबते.

२२ मार्च
लाँड्रीवाल्या काकांनी विचारलं, नवी जोडीदारीण मिळाली का? मी हसले. म्हटलं, चिमणी आहे की वर. त्यांनी हातातली इस्त्री खाली ठेवली. "अगं, तिची आई परवा सामान घेऊन गेली ना! पोरगी अजून शुद्धीवर नाही."
वर आले. पलंगावर ती बसलेली.
ताईला फोन केला. निघाली आहे. म्हणाली, कुणाजवळ तरी थांब. खाली जायचं तर पलंगाजवळून जावं लागतं —

२३ मार्च
बाथरूममध्ये. आतून कडी लावली. धीर यावा म्हणून उरलेल्या सगळ्या गोळ्या घेतल्या — चूक झाली. अंग पेटलंय. पाणी पितेय, पितेय, तहान जात नाही.

ताई आली! दार वाजवतेय. बाळा, कडी काढ, म्हणतेय. सोबत अँब्युलन्सची माणसं आहेत —

कडी हाताच्या अंतरावर. पण मधे चिमणी. पाठमोरी. आत कशी —

ताई विचारतेय, आत तुझ्याशी कोण बोलतंय?

मी नाही बोलत. माझे दात उघडतच नाहीत —

दारावर धक्के. ताई, लवकर — ती वळतेय — हा चेहरा तर मा