श्रीमंत न्यायला येईल तेव्हा

लोंढ्याच्या पलीकडलं रान,
मार्गशीर्ष, सन १९३४

प्रिय मकदूम,

अक्षर बघून हसशील. हस. पेन्सिल नखाएवढी उरलीय, म्हणून बारीक लिहितोय.

शुक्रवार पेठेतली आपली खोली आठवती का? गिरणीतनं सुटून आलो की पैज लागायची, कुणाचं लहानपण जास्त कडक, तुझं का माझं. हरला त्यानं भांडी घासायची. मी सांगायचो, अव्वानं नवस फेडायला मला मठात दिला, सातव्या वर्षी गादीवर बसवलं, आणि मग तीच आई सगळ्यांसंगं माझ्या पाया पडायला लागली. तिला अव्वा म्हणायचं न्हाय, इतर बायकांसारखं बाई म्हणायचं. खडावा घालून पळता येत न्हाय, म्हणून चौदाव्या वर्षी त्या काखेत मारून पळालो. तू म्हणायचास, हे तर कायच न्हाय स्वामी! तुझ्या चाचांच्या जमातीत दर जुमेरातीला, म्हंजे गुरुवारी, ओळीनं बसून दुसऱ्याची चूक सांगायची. तू सख्ख्या भावाचं नाव घेतलंस, तो शीळ घालतो म्हणून. त्यानंतर तो तुझ्याशी कधी बोलला न्हाय. ते ऐकून मी उठलो आणि भांड्याला बसलो. तू मागनं वरडलास, राख जास्त लावा, स्वामी!

माझ्या पायाला भिंगरी, तुला ठाऊक. लाकूड तोडायला म्हणून हिकडं आलो, तितं श्रीमंत भेटला. खिशात कायम गूळ-शेंगा. त्यानं मला रानात वस्ती करून ऱ्हाणाऱ्या अण्णांच्या मंडळीत आणलं. हितं सगळे एका पंगतीला जेवतात. जात कोण इचारत न्हाय, कुणी कुणाच्या पाया पडत न्हाय. वाटलं, मकदूम असता तर पैजेला कायच उरलं नसतं. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून सगळ्यांच्या चपला एका खोलीत ठेवल्या. पावसाळा सरला. चपला काय भाईर निघाल्या न्हाईत. रानात चारी बाजूंनी काटं.

सांजंला ओळीनं बसून दुसऱ्याची चूक सांगायची. तुझी जुमेरात हितं रोजची हाय. अण्णा आवाज कधी चढवत न्हाईत, डोळं मिटून ऐकतात. एकदा मी धुळाप्पाचं नाव घेतलं, तो आपल्या चपला हुडकत होता म्हणून. सकाळी पंगतीत त्याची जागा मोकळी. कुणी सरकून बसलं न्हाय. कुटं गेला, कुणी इचारलं न्हाय. मी बी न्हाय.

मग अण्णांनी इचारलं, तुझं जिवाचं माणूस कोण? मी म्हणालो, अव्वा. ते म्हणाले, बोलव की, हितं पोटभर अव्वा म्हण. मी येड्यागत तिला मंद्रूपला पत्र टाकलं. अव्वा भाकरीचं गाठोडं घेऊन आली, वर शेंगाची चटणी. एक दिवस मी तिला अव्वा म्हणालो, मकदूम, दिवसभर, कारण नसताना. दुसऱ्या दिवशी तिला कुंपणापल्याड बायकांत नेलं. आता ती पंगतीत मला वाढती, पण वर बघत न्हाय. मी म्हणतो, बाई, आमटी वाढा.

आता ऐक. तुझं मागचं पत्र आलं, ते आधी अण्णांनी वाचलं. गिरणीनं तुला घरी बसवलंय, भाबीला सातवा महिना हाय, त्यांना सगळं ठाऊक हाय. जिवाचं दुसरं माणूस कोण इचारल्यावर माझ्या तोंडातनं तुझंच नाव गेलं. तुला बोलवायचं पत्र मीच लिहिलंय, चांगल्या शाईनं. त्यात खोटं अक्षर न्हाय: काम हाय, जेवण हाय, जात कोण इचारत न्हाय. ते घेऊन श्रीमंत पुनवेला निघंल. लई गोड माणूस. भाबीला बहीण म्हणंल, गूळ देईल. त्याच्या आधी पोचावं म्हणून हे पत्र लाकडाच्या गाडीवाल्याकडं चोरून देतोय. मी का पळत न्हाय म्हणशील. अनवाणी पळायची मला सवय हाय, अव्वाच्या पायांना न्हाय. तू येऊ नको. त्याला दारातच सांग, ईरप्पा आता माझा कोण लागत न्हाय. तो ते हितं सगळ्यांम्होरं सांगंल, मी खाली मान घालून ऐकीन. हे वाचून चुलीत घाल. आणि पैज मीच जिंकली बघ. भांडी तू घास, तुझ्याच घरात.

तुझाच,
ईरप्पा
(ह्या नावानं हितं मला कोण हाक मारत न्हाय.)